जांभळांच्या दिवसांत काढलेली दाढ

गेल्या आठवड्यात बदलापूर स्टेशनच्या पुलावर मी जांभळांचा भाव विचारला. घ्यायची नव्हती. मला जांभळं आवडतही नाहीत. घसा धरतो, जीभ आखडून येते. पण पुलाच्या मधल्या टप्प्यावर बारवी धरणाकडची एक म्हातारी पाटी मांडून बसते. पाटीत पळसाची पानं, पानांवर काळीभोर टपोरी जांभळं. नेमकं तिच्यासमोर आलो आणि माझ्या खालच्या जबड्यात, कुणी आतून अंगठा रोवावा तसं दुखायला लागलं. मागून माणसं येत होती. भर रस्त्यात उभं राहायला माणसाला काहीतरी कारण लागतं. मी वाकलो आणि म्हणालो, "कशी दिली?"

बोललो, आणि हात पाटीवर तसाच राहिला. हे वाक्य माझं नव्हतं. याच टप्प्यावर, जांभळांच्याच दिवसांत, माझी ताई ते रोज म्हणायची.

आमच्याकडचा जांभळांचा हंगाम फार थोडा. मे सरत येतो, आंबे उतरणीला लागतात, आभाळ दिवसभर दाटून राहतं पण पडत नाही, आणि शर्ट पाठीला चिकटून बसतो. बदलापुरातल्या आमच्या शिरगावात तेव्हा बैठ्या चाळी होत्या, चाळींमध्ये भाताची खाचरं, आणि बांधाबांधांवर जांभळीची झाडं. खाली पडलेल्या फळांनी वाट रंगून जाई. चपलांचे तळ, पोरांच्या बनियनी, ओटीवरच्या शहाबादी फरशीवरची पावलं, सगळं जांभळं. शेजारणी एकमेकींना जिभा काढून दाखवत आणि हसत. या दिवसांत लोकांना बालपण आठवत असेल. मला ताईचे ओठ आठवतात.

मी फार बोलणारा माणूस नाही. ऑफिसात मला मौनीबाबा म्हणतात. तो स्वभाव आहे असं सगळे धरून चालतात, आणि बराचसा तो आहेही. पण त्या गप्प बसण्याच्या तळाशी एक गोष्ट आहे. ती ऐंशीच्या दशकातल्या एका हंगामातली आहे, आणि आता शतक सरत आलं तरी ती मी कुणाला सांगितली नव्हती.

आमचे अप्पा अंबरनाथच्या एका कारखान्यात होते. पंचेचाळिशी नुकती ओलांडली होती. दुपारी कॅन्टीनमध्ये जेवले, खात्याकडे परत निघाले, वाटेत कट्ट्यावर बसले आणि उठलेच नाहीत. कारखान्याच्या डॉक्टरांनी आईला एकच शब्द सांगितला: हार्ट. आईने तो शब्द घरात येऊ दिला नाही. कारखान्याची खोली सोडून आम्ही शिरगावात आलो, तिथे आम्हाला ओळखणारं कुणी नव्हतं. यजमान कशाने गेले असं कुणी विचारलं की आई म्हणायची, "कारखान्यात गेले." ऐकणारा आपल्या मनाने मशीन, पट्टा, वाफ असं काहीतरी जोडून घ्यायचा. आई त्याला जोडू द्यायची. पुढे पुढे ती स्वतःच ‘अपघात’ म्हणायला लागली. घरात लग्नाची दोन मुलं असताना बाईने याहून वेगळं काय करायचं होतं, मला माहीत नाही.

त्या दोन मुलांतली ताई माझ्याहून चार वर्षांनी मोठी. अप्पा गेले तसं तिने कॉलेज सोडलं आणि उल्हासनगरला कॅम्प नंबर तीनमधल्या जीन्सच्या कारखान्यात लागली. बटणं लावायची, धागे कापायचे, गठ्ठे बांधायचे. सिंधी शेटजी तिला ‘अदी’ म्हणायचे, त्यांच्या भाषेत ताईच. बोटं कायम निळी. डब्यात भात, सुका जवळा आणि पापड. सकाळी मिश्री, दुपारी जेवण झालं की परत मिश्री. "तुम्ही लोक बिड्या फुंकता ते चालतं, आणि मी दात घासले तर तुमच्या पोटात दुखतं," असं मला सुनवायची. आणि तिच्या पगारावर मी बी.कॉम. झालो, अंबरनाथला एका कारखान्याच्या स्टोअर्समध्ये क्लार्क झालो. माझं लग्न व्हावं म्हणून ती माझ्याहून जास्त धावत होती. तिच्या स्वतःच्या लग्नाचं बोलणं घरात कधी बंद झालं, ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या वर्षीच्या मे महिन्यात संध्याकाळी आम्ही बऱ्याचदा एकत्रच परतायचो. पुलाच्या मधल्या टप्प्यावर ताई थांबायची. तेव्हाही तिथे एक जांभूळवाली बसायची.

"कशी दिली गं?"

बाई भाव सांगायची. ताई एक फळ उचलायची, फिरवून बघायची, खाली ठेवायची. दुसरं उचलायची. एक हात पाटीवर, दुसरा गालाला. मग न घेताच पुढे.

एकदा ती बाई वैतागली. "रोज इचारतंस न् घेत नाय. भाव काय देव हाय का, रोज दर्शन घेतंस त्याचं?"

मी हसलो. "घे की ताई, चिकटपणा किती करशील!"

ती पण हसली. गालावरचा हात मात्र काढला नाही. "दाढ ठणकतेय रे. आंबट बघितलं की जास्तच."

चार चार माणसांच्या पुढ्यात, दिवसाढवळ्या, भाव विचारायच्या निमित्ताने थांबून तिने दुखणं असं लपवलं होतं. तिला ते दुखणं दाढेचं वाटत होतं, आणि लपवायचं एवढ्याचसाठी की लग्नघरात करवलीने कण्हायचं नसतं.

लग्न माझं. मुलगी नंदा, अंबरनाथच्या एका मास्तरांची. मास्तर बोलणी करायला आले तेव्हाचा प्रसंग मला आजही शब्दन्‌शब्द आठवतो. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली, धोतराचं टोक नीट केलं, आणि म्हणाले, "राग मानू नका. थोरलीचं लग्न मी काही न विचारता केलं. जावई वर्षाच्या आत हार्टने गेला. म्हणून विचारतो. घराण्यात असलं काही?"

"काही नाही हो, देवाची दया," आई म्हणाली.

"आणि यजमान?"

"कारखान्यात. अपघात."

ताई स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं. मी मास्तरांच्या बशीत बघत राहिलो. नंदा मला आवडली होती. एवढंच कारण होतं, आणि ते त्या वेळी पुरेसं वाटलं.

मुहूर्त जांभळं संपता संपताचा धरला. आठवडा राहिला असेल, तेव्हा ताई सकाळी पाण्याची कळशी ओटीवर आदळून खाली बसली. कपाळावर घाम, डावा हात मांडीवर नुसता ठेवलेला. मला म्हणाली, "सुधा, आज दाढ काढूनच टाकू. लग्नात मला हसायचंय."

मी तिला कॅम्प दोनमधल्या एका दातांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी आरसा घालून पाहिलं, चिमट्याच्या दांड्याने एकेक दाढ ठोकली. प्रत्येक ठोक्याला ताई मान हलवून नाही म्हणाली. डॉक्टरांनी चिमटा खाली ठेवला.

"दीदी, दर्द कब होता है? खाने पे?"

"नाही. पूल चढताना. पाणी भरताना."

"और बैठ गये तो?"

"थांबतं."

ते मला बाहेरच्या बाकापाशी घेऊन आले. आवाज उतरवून म्हणाले, "भाई, दाँत एकदम पक्का है. मैं नहीं निकालूँगा. घर में किसी को हार्ट का कुछ था?"

मास्तरांना आईने उत्तर दिलं होतं. हे उत्तर मात्र माझं स्वतःचं होतं. "नहीं," मी म्हणालो.

"फिर भी कार्डिओग्राम निकालो. आज ही. कल नहीं."

रस्त्यावर आलो. बाहेर रिक्षावाले ‘तीन नंबर, तीन नंबर’ ओरडत होते. ताईने पदराने तोंड पुसलं आणि विचारलं, "काय म्हणाला?"

आता इथे मला थांबून लिहायला हवं, कारण पुढे जे झालं ते कधी माझ्या घाबरण्यावर, कधी वयावर, कधी अडाणीपणावर ढकलून मी इतकी वर्षं काढली. मी अडाणी नव्हतो. डॉक्टर काय म्हणाले ते मला नीट कळलं होतं. कार्डिओग्राम निघाला तर ताईचं नाव हार्टला लागेल, मग कुणीतरी अप्पांचं विचारेल, मग मास्तर उठून जातील, हे सगळं मला त्या फुटपाथवर एका दमात दिसलं. आठवडाभराचा तर प्रश्न आहे, असंही मनात आलं. लग्न होऊ दे, मग नेतो.

"म्हणाला दाढच आहे," मी सांगितलं. "पण त्याला आज वेळ नाही. दुसरीकडे जाऊ."

दुसरीकडे म्हणजे कॅम्प तीनमध्ये, काचेच्या कपाटात कवळ्या मांडून बसणारा एक माणूस. त्याने "कौन सा?" एवढंच विचारलं. ताईने अंदाजाने बोट ठेवलं. त्याने सुई टोचली, पक्कड लावली, खुर्चीच्या कडेला गुडघा टेकवून जोर केला. बराच वेळ लागला. ताईने माझं मनगट धरलं होतं. मग स्टीलच्या वाटीत दाढ पडल्याचा आवाज आला. पांढरी, मुळांसकट, कुठेही कीड नसलेली. तिच्या आधी मी ती बघितली आणि वाटी बाजूला सारली.

घरी येताना ती खुशीत होती. तोंडातल्या कापसातून म्हणाली, "गेली एकदाची." जखम भरेपर्यंत आंबट-तुरट नको म्हणून सांगितलं होतं. त्या वर्षी शेजारपाजारच्यांनी लग्नघर म्हणून परडी भरभरून जांभळं दिली. आम्ही सगळ्यांनी खाल्ली. ताईने एकाला तोंड लावलं नाही.

हे लक्षात ठेवा, कारण लग्नाच्या दिवशी ताईचे ओठ जांभळे होते.

अंबरनाथचा हॉल, पंखे फिरूनही गरम. ताई करवली. हातात कऱ्हा, वर नारळ, अंगावर अबोली रंगाचा शालू. नंदाच्या एका मावशीने चिमटा काढला, "करवलीबाई, एकटीनेच पाटी संपवलीत वाटतं! जरा पुसा तरी ओठ!" सगळ्या बायका हसल्या. ताईने पदराने ओठ पुसले, पदर बघितला. पदरावर काही नव्हतं. तिने परत पुसले. मी मुंडावळ्यांच्या आडून ते बघत होतो.

लाजाहोम संपत आला तेव्हा ती दिसेनाशी झाली. मान वळवून शोधली तर हॉलच्या स्वयंपाकघराच्या दाराशी तांदळाच्या पोत्यावर बसली होती. आई सुपाने वारा घालत होती. कोण म्हणत होतं, सकाळपासून उपाशी आहे, पित्त झालंय. कोण म्हणत होतं, सोडा पाजा. गोटीची बाटली फुटल्याचा फस्स आवाज माझ्यापर्यंत आला. भरल्या हॉलमध्ये हे दुखणं पित्ताचं नाही हे फक्त एका माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाच्या हातात नंदाचा हात होता.

मला उठता आलं असतं. भटजींना म्हणता आलं असतं, थांबा. पण समोर तांदळाच्या सात राशी मांडल्या होत्या, आणि सातवं पाऊल पडलं की लग्न पक्कं, ते मोडता येत नाही, हे मला ठाऊक होतं. भटजी मंत्र म्हणत होते, नंदाचा मेंदीचा पाय एकेका राशीवर पडत होता, आणि मी राशी मोजत होतो. शेवटची झाली तेव्हा मी शेला सोडून धावलो. लोक म्हणाले, बहिणीवर काय जीव आहे बघा.

केटररच्या टेम्पोतून ताईला दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "दुखणं आधीपासून होतं का?" मागे मास्तर उभे होते. माझ्या कपाळावर मुंडावळ्या तशाच.

"नाही," मी म्हणालो. "आजच."

ताई वाचली. डॉक्टर म्हणाले, हृदयाचा एक भाग गेला. लवकर आणलं असतं तर कदाचित राहिला असता. तेव्हापासून ती घरात आहे. कळशी नाही, पूल नाही, कारखाना नाही. मिश्री सुटली, पापड सुटले. रक्तदाबाच्या गोळ्या वेळेवर घेते, सकाळी अंगणात हळूहळू फेऱ्या मारते, आणि कुणी चालायचा कंटाळा केला की त्याला झापते. कारखान्यातल्या पगारापेक्षा या शिस्तीने तिला जास्त जगवलं.

आणि नंदा? आमच्या आत्याने दवाखान्याच्या व्हरांड्यातच तोंड उघडलं होतं, "नवरी मांडवातून उतरली नाही तोच नणंद आडवी. काय पायगुण म्हणायचा!" हिरवा चुडा भरलेली नंदा दोन हातांच्या अंतरावर उभी होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं. पुढे नात्यात कुठे साखरपुडा असो, बारसं असो, ओटी भरायची वेळ आली की ती मागे सरायची. "तुम्ही भरा काकू. माझा पायगुण नको." हसत म्हणायची, पण हलायची नाही. एका वाक्यात मला तिला मोकळं करता आलं असतं. ते वाक्य माझ्या तोंडाशी कितीदा आलं आणि मी वर्तमानपत्र उचललं, त्याचा हिशेब नाही.

तर या वर्षी मी भाव विचारला. दुसऱ्या दिवशीही विचारला. नुसतं विचारायची लाज वाटली म्हणून विकत घ्यायला लागलो. रोज पुडी घेऊन घरी. मेघना, आमची मुलगी, खुश. रविवारी दुपारी ताई ओटीवर तांदूळ निवडत होती. मी बाजारातून आलो, पुडी ठेवली. तिने सूप खाली ठेवलं.

"सुधा, तुला जांभळं कधीपासून आवडायला लागली?"

"मेघनासाठी."

"मेघनाची जीभ गेले चार दिवस जांभळी आहे. पोरीचं पोट बिघडेल." मग तिने तांदळातला एक खडा बाजूला टाकला. "कितव्या पायरीवर दुखतं?"

माझा हात आपोआप गालाकडे गेला होता, तो मी खाली घेतला. तिने ते बघितलं.

"अप्पांच्या वयाला आलास तू," ती म्हणाली. "मी लपवलं तेव्हा मला माहीत नव्हतं. तुला माहीत आहे."

मग मी सांगितलं. कॅम्प दोनचा डॉक्टर, बाहेरचा बाक, ‘आज ही, कल नहीं’. सांगताना मी तिच्या पायांकडे बघत होतो. माझं संपलं तेव्हा तिची जीभ गालाच्या आत फिरत होती, तिथे, जिथे दाढ नव्हती. अनेक वर्षं मी तिची ती सवय बघतो आहे आणि प्रत्येक वेळी नजर वळवतो आहे.

"म्हणजे चांगली होती दाढ," ती शेवटी म्हणाली.

"हो."

"मला तेव्हाच वाटलं होतं. फार जोर लावावा लागला त्याला."

तिने सूप परत उचललं. मी उठायला गेलो तर म्हणाली, "बस. मला तुला काय म्हणायचंय ते मी सावकाश म्हणेन. आधी उद्या कार्डिओग्राम. नंदाला घेऊन जा. आणि डॉक्टर विचारेल तेव्हा माझं नाव सांग, अप्पांचं सांग. मेघनाच्याही अंगात आपलंच रक्त आहे."

सोमवारी आम्ही पूल ओलांडून पश्चिमेच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही हातांचा रक्तदाब घेतला, कार्डिओग्रामची पट्टी काढली, आणि ओळीने विचारत गेले. दुखतं कुठे? चढताना की बसल्यावर? बिडी-सिगरेट? मीठ वरून घेता? मग पेन थांबवून, "घरात कुणाला?"

नंदा शेजारच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. तिच्यासमोर मी या प्रश्नाचं खरं उत्तर कधीच दिलं नव्हतं.

"वडील," मी म्हणालो. "हार्टने गेले. पंचेचाळिशीच्या पुढे." नंदाने मान वळवली. "आणि बहीण. पस्तिशीच्या आत. तिच्या जबड्यात दुखायचं. आमच्या लग्नाच्या आधीपासून."

डॉक्टर लिहीत होते. "हे सांगितलंत ते बरं केलंत. जवळच्या नात्यात इतक्या लवकर झालं असेल तर आम्ही वेगळ्या नजरेने बघतो. लोकांना वाटतं हार्ट म्हणजे छातीतच कळ यायला हवी. जबडा, खांदा, पाठ, पोटाचा वरचा भाग, कुठेही येते. बायकांचं तर हमखास पित्तावर नाहीतर दातावर जातं." पट्टीत थोडा बदल होता. ठाण्याला पुढची तपासणी, रोजच्या गोळ्या, आणि दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक छोटी गोळी. "जिथे दुखेल तिथे थांबायचं. लाजायचं नाही."

बाहेर आल्यावर नंदाने पर्स खांद्याला लावली. जिन्याशी म्हणाली, "आधीपासून?"

"हो."

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"म्हणजे माझ्यामुळे नव्हतं."

"नव्हतं."

"बाबा शेवटपर्यंत म्हणत होते, आपली पोर त्या घराला जड गेली." एवढं बोलून ती चालायला लागली. मी मागून. तिच्या पाठीकडे बघून मला काहीच कळेना. सगळ्या रस्त्यात ती माझ्यापुढे होती, एकदाही वळली नाही.

पुलाच्या पायऱ्या ती भराभर चढली. मधल्या टप्प्याच्या अलीकडे माझ्या जबड्यात तो अंगठा पुन्हा रुतला. हाक मारायचा धीर झाला नाही. कठडा धरून दोन पायऱ्या चढलो आणि बघितलं, तर नंदा म्हातारीच्या पाटीसमोर उकिडवी बसली होती.

"कशी दिली, मावशी?"

म्हातारीने भाव सांगितला. नंदाने एक जांभूळ उचललं, फिरवून बघितलं, बाजूला ठेवलं. दुसरं उचललं. "ही नरम पडलीत. खालची दाखव. आज उतरवलीत की कालची आहेत?" एकेक करून ती पाटी चाळत राहिली. मी डॉक्टरांनी दिलेली गोळी जिभेखाली ठेवून कठड्याला टेकलो. माणसं वळसा घालून जात होती.

"घेनार हाइस का नुसती चिवडतंस?" म्हातारी करवादली.

"घेणार आहे," नंदा म्हणाली. "घाई आहे का कुणाला?"

दुखणं हळूहळू उतरलं. नंदाने पानात जांभळं बांधून घेतली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. डोळे लाल होते. चेहरा माफ केल्याचा नव्हता.

"थांबलं?"

"थांबलं."

ती उठली, पदर खोचला आणि पुढची पायरी चढली. पुन्हा माझ्या पुढेच. पण या वेळी माझ्या चालीने.